जुन्या रिअर प्रोजेक्शन टीव्हीला आरजीबी इनपुट कसा द्यायचा

अमेरिकेत 1990 च्या दशकातले ते कपाटाएवढे रिअर प्रोजेक्शन टीव्ही (आतून पडद्याच्या मागच्या बाजूने चित्र फेकणारे) अजून बऱ्याच बेसमेंटमधे पडून आहेत, घर बदलताना लोक फुकट देऊन टाकतात, न्यायला फक्त दोन दणकट माणसं आणि एक व्हॅन पाहिजे. 46 इंच, 50 इंच स्क्रीन, आत लाल, हिरवी, निळी अशा साधारण 7 इंची तीन ट्यूब, एक मोठा आरसा, आणि मागे इनपुट बघाल तर अँटेनाचा जॅक, पिवळा कंपोझिट, फार तर एस-व्हिडिओ (ब्राइटनेस आणि रंग वेगळ्या वायरींत नेणारा). आता गंमत अशी की सुपर निन्टेन्डो, सेगा जेनेसिस, पहिला प्लेस्टेशन या सगळ्या गेम मशीनमधून स्वच्छ आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे सिग्नल, बाहेर येतं आणि टीव्हीच्या तिन्ही ट्यूबना शेवटी आरजीबीच लागतं, पण मधे आपण ते सगळं एका पिवळ्या वायरीत कोंबतो. त्यात ब्राइटनेस आणि रंग एकाच वायरीत, रंग 3.58 मेगाहर्ट्झच्या कॅरिअरवर बसवलेला, टीव्ही ते परत वेगळं करायला बघतो आणि ते कधीच पूर्ण वेगळं होत नाही. लाल रंग बाजूला पसरतो, अक्षरांच्या कडेला ठिपके सरकत राहतात. 20 इंची टीव्हीवर हे चालून जातं, 50 इंचावर डोळ्यात खुपतं.

यावर उपाय टीव्हीच्या आतच आहे. व्हॉल्यूम वाढवला की जी हिरवी पट्टी येते, मेनू येतो, चॅनलचा नंबर येतो, ते सगळं एक छोटा मायक्रोकंट्रोलर आरजीबीमधेच काढतो आणि मुख्य व्हिडिओ आयसीमधे, म्हणजे ज्याला सगळे जंगल आयसी म्हणतात त्याच्यात, सरळ तीन पिनांवर देतो. चौथी एक पिन असते ब्लँकिंगची, तिच्यावर व्होल्टेज आलं की आयसी आतलं चित्र सोडून त्या तीन पिनांवरचं चित्र दाखवतो. आपण हाच रस्ता गेमसाठी वापरायचा. युरोपात 1980 च्या दशकापासून स्कार्ट कनेक्टरमुळे टीव्हीला आरजीबी आत घेणं नेहमीचं होतं, अमेरिकन टीव्हीला तो कनेक्टर कधी दिलाच नाही, पण आतल्या आयसीमधे सोय बऱ्याचदा आहे. म्हणून माझं मत आधीच सांगतो, या कामात सोल्डरिंग थोडं आणि सर्किट वाचणं जास्त. सर्किट नीट वाचलंत तर बाकी एका दुपारचं काम आहे.

पहिला प्रश्न, तुमचा टीव्ही यात बसतो का. 1990 च्या आसपासपासून ते एचडी यायच्या आधीपर्यंतचा, मागे कारखान्यातूनच कंपोझिट इनपुट असलेला आणि स्क्रीनवर रंगीत मेनू दाखवणारा साधा एनटीएससी (अमेरिकन टीव्ही पद्धतीचा) सेट असेल तर बहुतेक बसतो. 1998 नंतर आलेले एचडी-रेडी प्रोजेक्शन टीव्ही वेगळे, त्यांना हे करू नका. ते आतमधे सगळं चित्र डिजिटल करून 31.5 किंवा 33.75 किलोहर्ट्झवर चालवतात आणि त्यांचा मेनू त्याच वेगाने आत घातला जातो, जुन्या गेमचा सिग्नल 15.7 किलोहर्ट्झचा, तो तिथे जुळणारच नाही. त्यांना मागे कंपोनंट इनपुट असतो, तिथे 480पी (31.5 किलोहर्ट्झचा सिग्नल) द्या आणि विषय संपवा. आणि 1980 च्या दशकातला फक्त अँटेनाचा जॅक असलेला जुना सेट असेल तर त्यालाही हात लावू नका, कारण त्यातल्या काहींची चासी (आतला सांगाडा आणि ग्राउंड) थेट मेनच्या लाइनला जोडलेली असते, म्हणजे तुम्ही नवा जॅक लावलात की जॅकच्या पत्र्यावरच करंट, आणि त्याला जोडलेला गेम, त्याचा कंट्रोलर, तो धरून बसलेलं मूल, सगळे त्या करंटवर.

ही चासीची गोष्ट कारखान्याचा जॅक असला तरी स्वतः तपासायची. प्लग भिंतीतून काढा, टीव्हीचा पॉवर स्विच ऑन ठेवा, मल्टिमीटर ओहमवर लावून एक प्रोब पिवळ्या जॅकच्या बाहेरच्या कड्याला आणि दुसरा प्लगच्या एकेका पिनेला लावा. काही मेगाओहम किंवा ओपन दाखवलं तर ठीक. थोडेसे ओहम दाखवले तर तिथेच थांबा.

आता आत शिरण्याआधी. या टीव्हीत ट्यूबना 30 हजार व्होल्टच्या घरात ईएचटी, म्हणजे अति उच्च दाबाची वीज, जाते, ती जाड लाल वायर आणि तिचा तीन ट्यूबना वाटणारा ब्लॉक दिसेल, त्याच्या जवळ आपलं काहीच काम नाही, तिकडे हात नेऊच नका. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर अमेरिकेत 170 व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही राहू शकतो. 1 किलोओहम 10 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपला लावून तो कपॅसिटर रिकामा करा, मग मीटरने बघा, 5 व्होल्टच्या खाली आल्याशिवाय पुढे जायचं नाही. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडायची सवय असेल तर ती इथे सोडा, त्याने डायोड जातात आणि कधी बोर्डची पट्टीही उडते. सेट चालू असताना मोजायची वेळ आली तर एक हात पाठीमागे. आणि रात्री दमून आल्यावर हे काम काढू नका, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

मागचा पत्रा किंवा हार्डबोर्ड काढला की आधी ट्यूबच्या खाली बघा. या ट्यूबच्या तोंडाशी आणि लेन्सच्या मधे थंड ठेवायला ग्लायकॉलचं पाणी भरलेलं असतं, वर्षं झाली की सील सुटतं आणि ते खाली बोर्डवर गळतं. चिकट डाग, हिरवट झालेलं तांबं दिसलं तर आधी ते प्रकरण मिटवा, नाहीतर तुम्ही केलेल्या कामाला अर्थ नाही. हे ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड असल्यामुळे घरातलं कुत्रं-मांजर चाटायला जातं, त्यांना लांब ठेवा. आणि आतला मोठा आरसा धुळीने भरलेला दिसेल, तरी जुना रुमाल घेऊन पुसायला जाऊ नका! त्याचा चकाकणारा थर काचेच्या पुढच्या बाजूला असतो, घरच्या आरशासारखा मागे नाही, एकदा चरा पडला की तो कायम चित्रात दिसतो. मऊ ब्रशने धूळ उडवा, तेवढं पुरे.

पुढचं काम कागदावरचं. टीव्हीच्या मागच्या लेबलवर मॉडेल नंबरसोबत चासीचा नंबर असतो, त्यावरून सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. इंटरनेटवर बरीच फुकट मिळतात, नाही मिळालं तर सॅम्स फोटोफॅक्ट नावाच्या सर्किटच्या पुस्तिका अमेरिकेत 1946 पासून निघू लागल्या आणि काही पब्लिक लायब्ररींनी त्या जपून ठेवल्यात, तिथल्या काउंटरवर विचारा. मॅन्युअल उघडून मायक्रोकंट्रोलर शोधा, त्याच्या चार पिना सापडतील, आर, जी, बी आणि चौथीवर बीएलके किंवा वायएस किंवा फास्ट ब्लँक असं काहीतरी. त्या चार रेषा पेन्सिलने धरून जिथे जातात तिथपर्यंत जा. वाटेत प्रत्येकीत एक सिरीज रेझिस्टर, एक ग्राउंडला जाणारा रेझिस्टर आणि आयसीच्या तोंडाशी एक कपॅसिटर असं साधारण दिसतं. प्रोजेक्शन टीव्हीत मधेच पिक्चर-इन-पिक्चरचा (मोठ्या चित्रात छोटं चित्र दाखवणारा) बोर्ड असू शकतो, तिथे फसायला होतं, म्हणून रेषा शेवटच्या आयसीपर्यंत न्या, ज्याच्यातून आर, जी, बी बाहेर पडून तीन ट्यूबच्या मानेवरच्या तीन बोर्डांकडे जातात.

मग त्या आयसीची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) काढा आणि एकच गोष्ट शोधा, आरजीबी इनपुट ॲनालॉग आहे का. ॲनालॉग असेल तर तिथे 0.7 व्होल्ट पीक-टू-पीक असं काहीतरी लिहिलेलं असतं. काही आयसींमधे हा इनपुट नुसता चालू-बंद असतो, म्हणजे लाल आहे किंवा नाही, हिरवा आहे किंवा नाही, अशाने एकूण आठच रंग मिळतात आणि मेनूला तेवढे पुरतात पण गेमला काही उपयोग नाही. तुमचा आयसी असा निघाला तर हा रस्ता बंद, एस-व्हिडिओवर समाधान माना, तेही कंपोझिटपेक्षा खूपच बरं आहे. डेटाशीटमधे ब्लँकिंग पिनेला किती व्होल्ट लागतात तेही बघून लिहून ठेवा. बऱ्याच ठिकाणी 1 व्होल्टच्या वर गेलं की पिन चालू होते, पण काही आयसींमधे त्याच पिनेवर 4 व्होल्टच्या पुढे गेलं की वेगळंच काम होतं, म्हणून मी नेहमी 2 व्होल्टच्या आसपास ठेवतो.

आता पहिली चाचणी, आणि ही केल्याशिवाय एकही जॅक विकत घेऊ नका. ब्लँकिंगच्या रेषेतला सिरीज रेझिस्टर एका बाजूने उचला म्हणजे मायक्रोकंट्रोलरशी भांडण नको. बोर्डवरच्या 5 व्होल्टपासून 1 किलोओहम, मग 680 ओहम ग्राउंडला, मधल्या जोडावर जवळपास 2 व्होल्ट मिळतात, ते एका छोट्या स्विचमधून ब्लँकिंग पिनेला न्या. वायर लांब ठेवा आणि स्विच कॅबिनेटच्या बाहेर काढा, सेट चालू असताना आत हात घालायचा नाही. टीव्ही चालू करून पिवळ्या इनपुटवर काहीही चित्र लावा आणि स्विच दाबा. अख्खा स्क्रीन काळा झाला आणि सोडल्यावर चित्र परत आलं की समजा पिन बरोबर सापडली, आयसी आता बाहेरच्या आरजीबीची वाट बघतोय. तो काळा स्क्रीन बघून जो आनंद होतो ना, तो पूर्ण काम झाल्यावरच्या आनंदापेक्षा कमी नाही.

इथून पुढे दोन पद्धती आहेत. बरेच लोक गेमचं आरजीबी आणि मेनूचं आरजीबी रेझिस्टर घालून एकाच ठिकाणी जोडतात. स्वस्त आहे, चालतं, पण मेनूचा सिग्नल हजारो ओहममधून येतो आणि गेमच्या बाजूला 75 ओहमचं लोड असतं, त्यामुळे मेनू अगदी फिका दिसतो, मेनू उजळवायला गेलं की गेम मंद होतो, असं आकडे जुळवत बसावं लागतं. मला त्यापेक्षा रिले आवडतात. दोन छोटे डीपीडीटी रिले (प्रत्येकात दोन बदलते संपर्क) घ्या, म्हणजे एकूण चार संपर्क मिळतात, लाल, हिरवा, निळा आणि ब्लँकिंग. आयसीच्या तोंडाशी जो कपॅसिटर आहे त्याच्या अलीकडे बोर्डची रेषा तोडा, कपॅसिटरकडची बाजू रिलेच्या कॉमनला, मेनूकडून येणारी बाजू नॉर्मली क्लोज्डला (रिले बंद असताना जोडलेला संपर्क), आणि नॉर्मली ओपनला (रिले चालू झाल्यावर जोडला जाणारा) गेमचा सिग्नल. ब्लँकिंगचंही तसंच, नॉर्मली ओपनला आपले ते 2 व्होल्ट, आणि मघाशी उचललेला रेझिस्टर परत जागेवर बसवा. यात मोठा फायदा असा की रिले बंद असताना टीव्ही कारखान्यातून आला तसा अगदी मूळ स्थितीत असतो, घरात कोणाला काही समजवायला लागत नाही. रिले 12 व्होल्टचे घेतलेत तर बोर्डवर 12 व्होल्टची लाइन बहुतेक असते, तिथून चालवा, मायक्रोकंट्रोलरच्या 5 व्होल्टवर रिलेचा भार टाकू नका. प्रत्येक कॉइलवर उलटा एक 1N4148 डायोड, आणि टीव्हीच्या मागे एक टॉगल स्विच.

गेमच्या बाजूला प्रत्येक रंगाच्या वायरीला 75 ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला लावायचा, आणि तो जॅकपाशी न लावता वायर जिथे संपते तिथे, रिलेपाशी. 1 टक्क्याचे मेटल फिल्म घ्या, तिन्ही एकाच पाकिटातले, म्हणजे तीन रंग एका उंचीवर राहतात. वायर पातळ कोॲक्स (बाहेरून जाळीचं आवरण असलेली) वापरा, साधी रिबन वापरली तर या टीव्हीत डिफ्लेक्शनच्या (ट्यूबमधला बीम फिरवणाऱ्या) सर्किटचा विद्युत गोंगाट एवढा असतो की चित्रात तिरक्या रेषा येतात. कोॲक्सचं ग्राउंड त्या जंगल आयसीच्या ग्राउंड पिनेजवळच उतरवा, लांबच्या पत्र्याला नको. आयसीच्या तोंडाशी असलेला कपॅसिटर 0.01 मायक्रोफॅरडचा असेल तर काढून 0.1 चा टाका, मेनूच्या चार अक्षरांना छोटा चालतो पण पूर्ण चित्राला तो कमी पडतो. जॅकसाठी मी चार बीएनसी (फिरवून अडकवायचे गोल कनेक्टर) लावतो, मागचा हार्डबोर्ड असल्यामुळे भोकं पाडणं सोपं, पण वाकू नये म्हणून आतून ॲक्रिलिकची पट्टी लावा.

जॅक चार का, तर चौथा सिंकचा. टीव्हीला ओळ कुठे सुरू होते हे कळायला सिंक लागतो आणि आरजीबीच्या तीन वायरींत तो नाही. सगळ्यात सोपं म्हणजे गेमची पिवळी वायर नेहमीच्या पिवळ्या इनपुटला लावायची, टीव्ही त्यातून सिंक घेतो आणि चित्र आपल्या आरजीबीवरून. आधी असंच करून बघा. चित्रावर हलकी जाळी दिसली तर ती त्या कंपोझिटमधला रंग बाकी ठिकाणी झिरपल्याची आहे, मग गेममधून स्वच्छ कंपोझिट सिंक (चित्राशिवाय नुसता सिंक) घ्या. तो 5 व्होल्टचा लॉजिक सिग्नल असेल तर थेट देऊ नका, 470 ओहम सिरीजमधे टाका, इनपुटच्या 75 ओहमवर मग 0.7 व्होल्टच्या आसपास उतरतं आणि टीव्हीला ते चालतं. चौथा बीएनसी आतून त्या पिवळ्या जॅकलाच जोडा, आणि एका वेळी दोन्हीपैकी एकच वायर लावा. आवाजाची लाल-पांढरी वायर त्याच इनपुटच्या जॅकला, त्यात काही करायचं नाही.

केबलचं एक सांगून ठेवतो कारण यात गेम जळतो. अमेरिकन सुपर निन्टेन्डोची आरजीबी केबल आणि युरोपियन पॅल (युरोप-भारतातली टीव्ही पद्धत) मशीनची केबल बाहेरून सारखीच दिसते, आतून वेगळी. अमेरिकन केबलमधे रंगांना 220 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर असतात, युरोपियनमधे रेझिस्टर, आणि अमेरिकन मशीनमधे ज्या पिनेवर सिंक येतो त्याच पिनेवर पॅल मशीनमधे 12 व्होल्ट असतात. ऑर्डर करताना एनटीएससी लिहिलेलं बघूनच घ्या. आणि जुना चौकोनी निन्टेन्डो आणि निन्टेन्डो 64 मधून मुळात आरजीबी येत नाही, त्यासाठी आधी गेममधेच काम करावं लागतं.

पहिल्यांदा चालू कराल तेव्हा चित्र थोडंसं डावी-उजवीकडे सरकलेलं दिसेल, कारण नेहमीचा ब्राइटनेस आत फिल्टरमधून उशिरा येतो आणि आपलं आरजीबी सरळ येतं, ते सर्व्हिस मेनूतून (मेकॅनिकसाठी लपवलेला मेनू) सरळ होतं. कलर आणि टिंटची बटणं या इनपुटवर काम करणार नाहीत, ते बरोबरच आहे. अक्षरांना बाजूने पांढरी कड दिसत असेल तर तो स्कॅन व्हेलॉसिटी मॉड्युलेशनचा (कडा ठळक करायची टीव्हीची युक्ती) प्रकार, मेनूत बंद करता आला तर करा.

आणि मग एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात येते, की कन्व्हर्जन्स, म्हणजे तिन्ही रंग पडद्यावर एकमेकांवर नेमके बसणं, गेलेला आहे. तो आधीपासूनच गेलेला असतो, कंपोझिटच्या धुक्यात दिसत नव्हता. आता पांढऱ्या अक्षराच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळी सावली स्पष्ट दिसते. टीव्ही अर्धा तास तापू द्या, 240पी टेस्ट सूट नावाचा फुकट प्रोग्रॅम गेमवर चालवून त्यातली जाळी लावा आणि हिरवा न हलवता लाल आणि निळा त्याच्यावर आणून बसवा. मध्यभाग आधी, कोपरे नंतर. यात घाई केली तर सगळं काम वाया गेल्यासारखं वाटतं, नीट केलं तर 50 इंचावर प्रत्येक ठिपक्याची कड कापल्यासारखी दिसते.

प्रोजेक्शन ट्यूबना स्थिर चित्र सोसत नाही हे मात्र रोज लक्षात ठेवायचं. या ट्यूब लहान असून एवढा मोठा पडदा उजळवतात, म्हणून फॉस्फर (ट्यूबच्या तोंडावरचा चमकणारा थर) भरपूर तापवलेला असतो आणि गेमचा स्कोअर, लाइफची पट्टी एकाच जागी तासन् तास राहिली की तिचा डाग कायमचा बसतो, त्या काळच्या मॅन्युअलमधेही व्हिडिओ गेमबद्दल असा इशारा असायचा. दुकानात उठून दिसावं म्हणून कॉन्ट्रास्ट फार वर ठेवून पाठवायचे, तो निम्म्यावर आणा, खोलीतला दिवा मंद करा आणि गेम थांबवून जेवायला जाताना टीव्ही बंद करा. बंदुकीचे गेम याच्यावर चालणार नाहीत, त्या बंदुका प्रोजेक्शनसाठी नाहीतच.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी, हीच पद्धत घरच्या साध्या पिक्चर ट्यूबच्या रंगीत टीव्हीला तशीच लागू पडते, आणि तिथे काम सोपं आहे कारण टीव्ही उचलता येतो. 1990 च्या दशकातल्या बऱ्याच सेटमधे फिलिप्सचे टीडीए8361, टीडीए8362 हे आयसी सापडतात, त्यांचा आरजीबी इनपुट ॲनालॉग आहे. फरक एवढाच की आपला सिग्नल पॅल, 15.625 किलोहर्ट्झ, आणि 230 व्होल्टमुळे त्या मोठ्या कपॅसिटरवर 320 व्होल्टच्या पुढे डीसी असतो, तो रिकामा करताना दुप्पट काळजी. फक्त अँटेनाचा जॅक असलेले सेट भारतातही सोडूनच द्या, एव्ही इनपुट असला तरी चासी मोजल्याशिवाय काही जोडू नका. रिले, बीएनसी, कोॲक्स, 75 ओहमचे रेझिस्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत मिळतील, जाताना सर्किटचा फोटो मोबाइलमधे घेऊन जा म्हणजे दुकानदाराला रिलेची पिनांची मांडणी दाखवता येते.